शुक्रवारचा शेवटचा तास

डोळे मिटा बघू. अर्धवट नको, फटीतून बघायचं नाही, नीट मिटा. आता असं समजा, की तुम्ही वर्गात बाकावर बसला आहात. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज चालली आहे, खिडकीतलं ऊन वहीवर आलं आहे, आणि तुम्ही छेद सारखे करण्यात गुंतला आहात. मग मध्ये काहीच नाही. झोप नाही, स्वप्न नाही, साधा अंधारसुद्धा नाही. आणि डोळे उघडता तर तुम्ही जमिनीवर पडलेले! वर्गातली सगळी तोंडं तुमच्यावर ओणवी झालेली. गळ्यापासून कपडे ओले. दंड ठणकत आहेत. तोंडात लोखंडाची चव, आणि जिभेला टोचणारं काहीतरी धारदार, जे मघाशी तिथे नव्हतं. सगळे तुमच्याविषयी बोलत आहेत आणि तुमच्याशी कोणीच नाही.

उघडा डोळे. तुम्हाला हे नुसतं समजायचं होतं. भिंगरीचं ते खरंच झालं.

भिंगरी सहावीत होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी सतत हिंडायची, म्हणून लहानपणीच हे नाव पडलं आणि घरीदारी तेच राहिलं. त्या दिवशी मात्र ती फरशीवर पडून होती आणि वर गणिताच्या बाई शिपायाला सांगत होत्या, "पट्टी वेळेवर घातली म्हणून वाचली हो. नाहीतर जीभच गिळली असती पोरीने."

"केवढा जोर होता!" शिपाई कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "चौघं लागलो धरायला."

भिंगरीने मान वळवली. शेजारी तिचीच स्टीलची पट्टी पडली होती. तिच्या कडेला रक्त होतं, आणि फरशीवर तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा. तो तिच्या पुढच्या दाताचा कोपरा होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी भिंगरीच्या बाह्या वर केल्या, दंडावरचे निळेकाळे वळ पाहिले, आणि आईकडे वळून पहिला प्रश्न विचारला तो असा: "कोणी मारलं हिला?"

आई दचकली. "मारलं नाही हो. आकडी आली तिला. शाळेत. धरून ठेवलं सगळ्यांनी."

"आणि दात?"

"पट्टी घातली होती. जीभ गिळू नये म्हणून. वर पाणीही पाजलं, तेव्हापासून खोकतेय."

"जीभ गिळता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणालाच नाही. मला नाही, तुम्हाला नाही. ती खाली घट्ट बांधलेली असते." मग त्या खुर्ची ओढून भिंगरीच्या समोर बसल्या, आणि पुढचं सगळं तिलाच सांगितलं. मेंदूत विजेसारखे इशारे चालू असतात. कधीकधी ते सगळे एकदम सुटतात, अंग झटके देतं, आणि बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतं. तेवढ्या वेळात धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, पाणी तर मुळीच नाही. डोक्याखाली काहीतरी मऊ, झटके थांबले की कुशीवर वळवायचं, शुद्ध येईपर्यंत जवळ बसायचं. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखान्याची गाडी बोलवायची. "गोळ्या देते. त्या चुकवायच्या नाहीत. पण एक सांगू? आज तुझ्या आकडीने तुला काहीच केलं नाही. दात, वळ, हा खोकला, हे सगळं मदतीने केलंय. शाळेत तुम्हाला आरोग्याचा तास नसतो का?"

"असतो. शुक्रवारी. शेवटचा."

"मग त्यात शिकवतात काय?"

"अपूर्णांक," भिंगरी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या हसतील असं वाटलं, पण हसल्या नाहीत.

घरी आल्यावर भिंगरीने दप्तर उपसलं. आरोग्याचं पुस्तक तळाशी होतं, कोरं करकरीत, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. नववा धडा: 'वर्गात कोणाला आकडी आली तर'. चित्रासकट. चित्रात एक मुलगा कुशीवर झोपलेला, डोक्याखाली दप्तर, शेजारी एक मुलगी घड्याळ बघत बसलेली. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सगळं तिथे होतं, साध्या वाक्यांत, मोठ्या अक्षरांत.

आणि त्या सगळ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची फुली होती.

ती फुली तिनेच मारली होती. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बाई उभ्या राहून सांगतात: हा धडा वगळला, तो धडा वगळला, परीक्षेला नाही, काट मारा. मुलं खूश होऊन काटाकाट करतात. भिंगरीला सरळ रेघ ओढायचा भारी नाद. बाई म्हणाल्या होत्या, "बघा, हिच्यासारखी स्वच्छ रेघ मारा." मग काय, मुलं आपापली पुस्तकं घेऊन तिच्या बाकापाशी आली, आणि तिने स्टीलच्या पट्टीने निम्म्या वर्गाच्या नवव्या धड्यावर फुल्या मारून दिल्या. त्याच पट्टीने.

भिंगरीला रडू येईल असं वाटलं होतं. रडू आलं नाही. पोटातून काहीतरी गरम वर चढलं आणि कानांपाशी येऊन थांबलं. इतका राग तिला आजवर आला नव्हता, आणि तो नक्की कोणावर काढायचा हेही तिला कळेना.

आई धुलाईघरात कामाला होती. तिथे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येत. दिवसभर वाफेच्या इस्त्रीपाशी उभं राहून तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असत. घरच्या चादरींचीही ती तिथल्यासारखीच घडी घाले, म्हणजे दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, जवळ यायचं, टोकं जुळवायची, परत मागे. त्या संध्याकाळी दोघी चादरीच्या दोन टोकांना होत्या.

"शाळेत कोणी विचारलं तर सांग, चक्कर आली," आई म्हणाली. "उपाशी होते म्हणून सांग."

"चक्कर नव्हती."

"ताण नीट. सैल सोडलीस. मावशीलाही बोलू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही."

दोघी जवळ आल्या. भिंगरीने आपली टोकं आईच्या हातात दिली नाहीत. "आई, उन्हाळ्यात मी न्हाणीघरात पडले होते. तू म्हणालीस, साबणावरून घसरले. तेव्हाही आकडीच होती ना?"

आई चादरीकडे बघत राहिली.

"तुला माहीत होतं! आणि तू शाळेत सांगितलं नाहीस. मलासुद्धा नाही!"

"अगं, एकदाच झालं होतं. वाटलं, परत नाही होणार. एकदा तोंडातून गेलं की लोक कायमचं धरून ठेवतात. कोण शेजारी बसवेल तुला?"

"माझी लाज वाटते तुला?"

"लाज नाही गं," आई म्हणाली. "भीती वाटते."

"मग त्या चौघांनाही भीतीच वाटली होती," भिंगरी म्हणाली, आणि चादर तिथेच टाकून आत गेली. आईने ती एकटीनेच गोळा केली. एकट्याने घातलेली घडी वाकडी होते, तशी ती झाली.

चार दिवसांनी ती शाळेत गेली. तिची मैत्रीण साळुंकी, दिवसभर कलकल करणारी, तिला फाटकापाशीच येऊन बिलगली आणि एका दमात सगळं ओकली. "पट्टी मीच दिली गं. बाई ओरडल्या, काहीतरी द्या दातात घालायला, काहीतरी द्या! तुझ्या वहीवरच होती. मी दिली. बोल तू मला काय बोलायचं ते."

"मी काय करत होते?" भिंगरीने विचारलं.

"म्हणजे?"

"मी कशी दिसत होते? सगळ्यांनी बघितलं. मी सोडून."

साळुंकी, जिला गप्प करायला बाईंना दर तासाला डस्टर आपटावा लागे, ती गप्प झाली.

उत्तर मधल्या सुट्टीत मिळालं. पाण्याच्या नळांपाशी मुलांचं कोंडाळं होतं आणि मधोमध नकल्या. नकल्याला कोणाचीही नक्कल जमायची. मुख्याध्यापकांचं घसा खाकरणं, शिपायाची चाल, बाईंचं चष्म्यावरून बघणं. आज तो मातीत पडून हातपाय झाडत होता. डोळे वर, मान वाकडी, तोंडातून फुर्रफुर्र आवाज. पोरं हसून लोटपोट.

भिंगरी भिंतीआड उभी राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती तिथून हलली नाही, आणि हे तिला नंतरही कोणाला नीट सांगता आलं नाही. ती बघत राहिली. स्वतःच्या अंगाचं काय झालं हे दाखवायला सगळ्या शाळेत हाच एक मुलगा तयार होता. हात असे. पाय असे. अस्सं होय. मग नकल्याची नजर तिच्यावर पडली आणि तो धडपडत उठून कपडे झटकू लागला.

"झालं?" भिंगरीने विचारलं. "का अजून आहे?"

कोंडाळं पांगलं. नकल्या म्हणाला, "मस्करी गं." आणि पळाला.

दुपारी मुख्याध्यापकांनी आईला बोलावून घेतलं. आई कामावरून तशीच आली होती, अंगाला स्टार्चचा वास. सरांची खोली गार होती. भिंतीवर चौकटीत 'स्वच्छ व निरोगी शाळा' असं प्रशस्तिपत्रक टांगलेलं. गणिताच्या बाई बाजूला बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"हे पाहा," सर फार गोड आवाजात म्हणाले, "आम्हाला तिची काळजी आहे म्हणूनच म्हणतोय. पालकांच्या तक्रारी आल्यात. मुलं घाबरलीयत. एक मुलगी तर घरी जाऊन जेवलीच नाही म्हणे. काही दिवस घरीच अभ्यास करू दे. पूर्ण बरी होऊ दे."

"किती दिवस?" भिंगरीने विचारलं.

"मोठी माणसं बोलतायत ना बाळ?" सर आईकडेच बघत म्हणाले. "परीक्षेला येऊ दे. परीक्षेला बसायला आमची काही हरकत नाही. पण वर्गात जबाबदारी कोण घेणार? शिक्षकांना याचं काही शिक्षण नाही."

"पुस्तकात आहे, सर," भिंगरी म्हणाली.

"काय आहे?"

"काय करायचं ते. आरोग्याच्या पुस्तकात. धडा नववा."

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई हळूच म्हणाल्या, "तो वगळलेला आहे, सर. परीक्षेला नाही."

"हां, मग बरोबर आहे," सर म्हणाले. खरंच असं म्हणाले! परीक्षेला नाही म्हणून धडा वर्गात नको. आणि वर्गात नको असलेली मुलगी मात्र परीक्षेला चालेल. यात काही विचित्र आहे असं त्या गार खोलीत कोणाला वाटलं नाही. सरांनी पुढे केलेल्या पाण्याच्या पेल्याला हात न लावता आई मान हलवत म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, सर."

"मी आलेच नाही तर बाकीच्यांना कळणार कसं?" भिंगरीचा आवाज चढला. "उद्या दुसऱ्या कोणाला आली तर? त्याच्या तोंडात काय घालणार? खडू?"

"ऐकलंत?" सर आईला म्हणाले. "ही अशी चिडचिड. याच्यासाठीच विश्रांती हवी. शुक्रवारी येऊन तिचं सामान घेऊन जा."

घराच्या कोपऱ्यावर आल्यावर भिंगरी म्हणाली, "तू मान हलवलीस."

"मग काय करू? भांडू? भांडून वर्गात बसवतील तुला?"

"मान हलवूनही नाहीच बसवलं ना?"

त्या रात्री गोळीचा पेला आईने नेहमीसारखा दार लावून, लपवून दिला नाही. शेजारीण दारात बसलेली असताना तिच्यासमोरच हाक मारली, "भिंगरी, आकडीची गोळी घे गं." शेजारणीने वळून पाहिलं. आईनेही तिच्याकडे पाहिलं, नजर न काढता.

शुक्रवारी शेवटच्या तासाला दोघी वर्गाच्या दाराशी आल्या. बाई फळ्यावर लिहीत होत्या. तीन छेद आठ अधिक पाच छेद बारा. मुलांनी माना वळवल्या आणि लगेच वह्यांत घातल्या.

"ये," बाई म्हणाल्या. "घे हं सावकाश."

आई दारातच थांबली. भिंगरीने मागच्या फळीवरून रंगपेटी काढली, मातीकामाचा डबा काढला, खिळ्याला लटकलेला स्वेटर काढला. स्वेटर काढताना मागची भिंत दिसली. भिंतीवर वेळापत्रक होतं. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या वर्गाने मिळून रंगवलेलं. शुक्रवारच्या रकान्यात सगळ्यात खाली हिरव्या अक्षरात लिहिलं होतं: आरोग्य. भोवती वेलबुट्टी, आणि ती वेलबुट्टीही तिचीच.

"बाई," भिंगरी म्हणाली, "आत्ता कुठला तास चालू आहे?"

"अगं, परीक्षा तोंडावर आलीय. गणिताचं मागे राहिलंय ना."

"वेळापत्रकात आरोग्य आहे."

"आरोग्याला काय, वाचलं की येतं."

"मग वाचू या," भिंगरी म्हणाली. "साळुंकी, नववा धडा काढ. मोठ्याने वाच."

साळुंकीने बाईंकडे पाहिलं, मग भिंगरीकडे. पुस्तक काढलं. पानं एकमेकांपासून सोडवताना आवाज झाला. "यावर काट आहे," ती म्हणाली. "तूच मारलीयस."

"पेन्सिलीची आहे. खालचं दिसतं. वाच."

"जागेवर बसा पाहू," बाई म्हणाल्या, पण त्यांच्या हातातला खडू खाली आला होता. "भिंगरी, ऐक जरा. त्या दिवशी मी फार घाबरले होते गं. माझ्या हातून काही झालं असतं तर..."

"मीपण घाबरले असते, बाई," भिंगरी म्हणाली. "मला दिसलं असतं तर." ती चिडलेलीच होती, तिचे कान अजून गरम होते. पण आवाज आता चढला नाही. "मला तो दात परत नकोय. मला हा तास हवाय."

बाई नाही म्हणाल्या नाहीत, तेवढ्यात साळुंकीने सुरुवात केली. पहिले शब्द अडखळत, मग तिच्या नेहमीच्या सपाट्याने. "घाबरू नका. आकडी बहुधा काही मिनिटांत आपोआप थांबते. घड्याळ पाहा. जवळच्या टोकदार व कठीण वस्तू दूर करा. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. व्यक्तीला दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका..." इथे ती थांबली.

"पुढे," भिंगरी म्हणाली. मग तिने वर्गावर नजर फिरवली. "नकल्या, ये इकडे. आडवा पड. तुला छान येतं."

नकल्याचं तोंड पडलं. "मला नाही येत."

"परवा नळापाशी येत होतं की."

कोणी हसलं नाही. नकल्या बाकाला चिकटून राहिला, मान खाली, कानापर्यंत लाल. भिंगरीने थोडा वेळ वाट पाहिली, तो उठतोय का ते.

"भिंगरी," दारातून आई म्हणाली, आणि एक पाऊल आत आली. "मी येऊ का? मी पडते आडवी."

"नको आई. तू तिथेच थांब. हा वर्गाचा तास आहे."

मग तिने कंपासपेटीतून स्टीलची पट्टी काढली, टेबलापाशी गेली, आणि ती बाईंच्या हातात दिली. बाईंनी दोन्ही हातांनी धरली. भिंगरी मागे फिरली, आपला जुना बाक ढकलून बाजूला केला, आणि ती त्या दिवशी जिथे पडली होती त्याच फरशीवर पाय लांब करून झोपली. दप्तर मुद्दाम लांब ठेवलं. कोणीतरी ते उचलून डोक्याखाली द्यायला हवं होतं. "झटके थांबलेत असं समजा," ती छताकडे बघत म्हणाली. "साळुंकी, वाच पुढे. आणि कोणीतरी या. मला कुशीवर वळवा."

आणि तिने डोळे मिटले. अर्धवट नाही, फटीतून बघत नाही, नीट मिटले.